डोळ्यांच्या डॉक्टरकडचे बरे-वाईट अनुभव : कोल्हापूर आणि आसपास

शाहूपुरीची_सून
नमस्कार मंडळी. आमच्या घरात सध्या डोळ्यांचाच सीझन चालू आहे. सासूबाईंना मोतीबिंदू सांगितलाय, धाकट्याला फळ्यावरचं दिसत नाही म्हणून शाळेतून चिठ्ठी आलीय आणि मला स्वतःला चाळिशी लागलीय. त्यामुळं दाभोळकर कॉर्नरपासून राजारामपुरीपर्यंत बऱ्याच दवाखान्यांच्या बाकांवर बसून झालं. कोण चांगलं असं विचारलं की जो तो एक नाव सांगतो आणि का चांगलं म्हटलं की "स्वभाव चांगलाय" एवढंच. म्हणून हा धागा. नावं लिहू नका, चांगलीही नकोत आणि वाईटही नकोत, फार तर व्यनि (खाजगी निरोप) करा. पण तिथं नक्की काय झालं ते सांगा, फोन लावल्यापासून घरी येईपर्यंत.

माझा वाईट अनुभव: अकराची वेळ दिलेली, केसपेपर काढला, बसले. एक मुलगी आली, "मान वर करा" म्हणाली, दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले आणि गेली. कसले थेंब, कशासाठी, किती वेळ, काही नाही. थोड्या वेळानं परत आली, परत थेंब. दुपारी बाहेर पडले तर उन्हात डोळे उघडेनात, मोबाईलवरची अक्षरं दिसेनात आणि गाडी खाली पार्किंगमध्ये उभी. आत जाऊन विचारलं तर काउंटरवरून उत्तर, "सगळ्यांना तसंच होतं मॅडम." अहो सगळ्यांना होतं तर सगळ्यांना आधी सांगा की!

चांगला अनुभव दुसऱ्या ठिकाणचा. फोनवरच त्या बाईंनी सांगितलं, बाहुली मोठी करायचे थेंब घालणार, चार-सहा तास जवळचं धूसर दिसेल, स्वतः गाडी चालवत येऊ नका, सोबत कोणीतरी असू दे, गॉगल आणा, जुना चष्मा आणा, चालू गोळ्यांची पाकिटं पण आणा. हे सांगायला एक मिनिटसुद्धा लागलं नसेल. बसावं तिथंही लागलं, चांगलं दीड-दोन तास, पण राग आला नाही.

तिकटीवरचा
थेंबांना +१००. मला तर थेंब घालून बसवलं आणि विसरलेच, आठवण झाली तोवर असर उतरायला लागलेला, मग परत पहिल्यापासून.
पण मला एक विचारायचंय. त्या मशीनवर हनुवटी ठेवायला लावतात, आत एक सरळ रस्ता आणि टोकाला रंगीत फुगा, तो पुसट होतो मग क्लिअर होतो. ते काय असतंय? मी दर टायमाला जीव खाऊन बघतोय फुगा स्पष्ट दिसायला पाहिजे म्हणून, परीक्षा असल्यागत. आणि ते हवा मारायचं यंत्र, फस्स्! सांगत पण नाहीत, डायरेक्ट मारतात, मी खुर्चीसकट मागं.

चष्मे_तपासनीस
तिकटीवरचा, जीव खाऊन बघू नका हो, उलट आरामात बघायचं असतं :) मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारा, कुठं काम करतो ते सोडा. जवळचं बघताना डोळ्यातलं भिंग ताण घेतं आणि तो ताण तसाच राहिला तर नंबर चुकीचा येतो. म्हणून मशीन मुद्दाम चित्र पुसट करतं, डोळ्याला वाटावं आपण लांब बघतोय आणि ताण सुटावा. मशीनमधून जी चिठ्ठी निघते त्यावरचा आकडा हा अंदाज आहे, तिथून सुरुवात करायची. खरा नंबर ठरतो तो पुढं, ती जड फ्रेम नाकावर ठेवून "हे बरं का ते बरं" विचारतात तेव्हा. तिथं घाई झाली की चष्मा बिघडलाच म्हणून समजा. आणि "दोन्ही सारखंच दिसतंय" असं सांगायला लाजू नका, ते पण उत्तरच आहे, त्याचाही आम्हाला उपयोग असतो.

हवेच्या यंत्रानं डोळ्याचं प्रेशर मोजतात. साधारण १० ते २१ नॉर्मल धरतात. शर्टाची कॉलर गच्च असली, श्वास रोखला, पापण्या आवळल्या तर आकडा वाढीव येतो, म्हणून खरं तर आधी सांगायलाच पाहिजे की हवा येणार आहे. जास्त आलं तर घाबरू नका, सुन्न करायचा थेंब घालून निळ्या दिव्याखाली परत मोजतात, ते जास्त भरवशाचं.

अजून एक, लोक आमच्यात आणि डॉक्टरमध्ये घोटाळा करतात. चष्म्याच्या दुकानात फुकट कॉम्प्युटर तपासणी झाली म्हणजे डोळे तपासले असं नाही. तिथं नंबर कळतो. डोळ्याची नस, आतला पडदा (रेटिना), काचबिंदू (नस हळूहळू खराब होते तो आजार) यातलं काहीच कळत नाही.

रंकाळा_वॉकर
फुग्याची माहिती मिळाली, आजचा दिवस सार्थकी लागला.

ऊसवाला_शिरोळ
आमच्याकडं उसाचा पाला डोळ्यात जाणं म्हंजे काय नवीन नाय. थोरल्या भावाला तोडणीच्या वेळी पाल्याची कड लागली बुबुळाला, संध्याकाळपर्यंत डोळा लालभडक. आई म्हणाली मध घाल, शेजारची आज्जी म्हणाली एरंडेल घाल, आणि भावानं गावातल्या मेडिकलवरनं थेंब आणलं, लाल डोळ्याचं द्या म्हणून. दोन दिवस लई बरं वाटलं, लाली गेली, आणि मग जो ठणका लागला राव, रात्रभर नुसता येरझाऱ्या घालत होता, आणि बुबुळावर पांढरा ठिपका.

पहिल्या दवाखान्यात नेलं तिथं डॉक्टर बाकी पेशंटच्या देखत ओरडला, "आता आलाय होय डोळा घालवून." भाऊ माझा साधा माणूस, त्यानं परत तोंडच उघडलं नाय. मेडिकलवरनं थेंब आणल्यालं सांगितलं पण नाय त्या डॉक्टरला, आणि त्यानं विचारलं पण नाय. आता मला सांगा नुकसान कुणाचं झालं.

दुसरीकडं नेलं, तिथं बाई डॉक्टर होत्या. त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला की आतापर्यंत डोळ्यात काय काय घातलं ते सगळं सांगा, मध, दूध, अंगारा काय बी असू दे, मी रागवत नाय. मी खिशातनं बाटली काढून दाखवली, त्यात स्टिरॉइड होतं. मग त्यांनी कागदावर डोळा काढून दाखवला की पाल्यामुळं जखम झाली की बुरशी शिरते आणि स्टिरॉइडनं लाली दबते पण आत बुरशीला रान मोकळं मिळतं. सुन्न करून जखम खरवडून नमुना घेतला, बुरशीच निघाली. मग दर तासाला थेंब, रात्री पण. वहिनी गजर लावून उठायची. महिनाभराच्या वर चाललं ते. डोळ्यात थोडं फूल (पांढरा डाग) राहिलंय पण दिसतंय, मोटरसायकल चालवतोय. त्या बाई ओरडल्या असत्या तर आम्ही बाटली दाखवली नसती, एवढंच माझं म्हणणं.

शाहूपुरीची_सून
ऊसवाला दादा, वाचून अंगावर काटा आला. हे तुमच्याकडच्या साखर कारखान्याच्या गेटावर लिहून लावायला पाहिजे, गळीत सुरू व्हायच्या आधी.

फौंड्रीवाला
शिरोली एमआयडीसीत सुपरवायझर आहे, आमच्याकडं ग्राइंडिंगचा कण डोळ्यात जाणं हे उसाच्या पाल्यासारखंच. पूर्वी एक म्हातारे फिटर होते ते रुमालाच्या टोकानं कण काढून द्यायचे, सगळे त्यांच्याकडंच जायचे. लोखंडाचा कण बुबुळात रुतला की दुसऱ्या दिवसापर्यंत गंजतो, कण निघाला तरी गंजाचं गोल तसंच राहतं, रुमालानं काय होणार. डॉक्टर सुन्न करून मोठ्या भिंगातून बघत बारीक सुईच्या टोकानं काढतात, दुखत अजिबात नाही. सुई बघून मात्र भलेभले ढिले होतात.

वेल्डिंग लागतं त्याचा प्रकार वेगळा. दिवसा काही होत नाही, रात्री अकरा-बाराला डोळ्यात वाळू घातल्यासारखं व्हायला लागतं. दोन दिवसांत आपोआप उतरतं, पण पोरं काय करतात, सुन्न करायचा थेंब कुठून तरी मिळवतात आणि घालत बसतात. तो थेंब डॉक्टरनं तपासायच्या वेळी घालायचा, घरी घालून जखम भरत नाही उलट बुबुळ खराब होतं.

चांगला अनुभव म्हणजे आम्ही ज्यांच्याकडं कामगार पाठवतो त्यांनी एकदा स्वतः फोन करून विचारलं, तुमच्याकडून एवढी माणसं का येतात, गॉगल कसला देता? आम्ही साधे पुढून झाकणारे देत होतो, कण बाजूनं जात होते. बाजू बंद असणारे आणल्यावर फरक पडला. डॉक्टरला काय, पेशंट कमीच झाले त्याचे :)

निवांत_मास्तर
मोतीबिंदूवर लिहितो, कारण माझे दोन्ही डोळे झालेत आणि माझ्या वडिलांचंही मी पाहिलंय.
वडिलांच्या वेळी "पिकू दे, मग काढू" असं असायचं. पिकेपर्यंत माणूस भिंत धरून चालायचा. मग ऑपरेशन, डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा, हलायचं नाही, आणि शेवटी सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. कारण ढगाळ झालेलं भिंग काढून टाकायचे आणि आत दुसरं काही बसवायचे नाहीत. आत कृत्रिम भिंग बसवायची कल्पना तशी जुनी, १९४९ साली लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी पहिल्यांदा बसवलं. युद्धात लढाऊ विमानांच्या काचेचे, म्हणजे त्या अॅक्रिलिक प्लॅस्टिकचे, तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत गेले होते आणि डोळ्यांनी ते निमूट सहन केलेले त्यांनी पाहिले होते, त्यावरून सुचलं. त्या काळच्या मोठमोठ्या डॉक्टरांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. आपल्याकडं खेड्यापाड्यांत सर्रास पोहोचायला फार वर्षं लागली.

आता माझा अनुभव. ऑपरेशन उत्तम, तक्रार शून्य. तक्रार आहे ती त्याच्या आधीची. डॉक्टरांनी तपासलं पाच मिनिटं आणि नंतर एका खोलीत एक चुणचुणीत मुलगा भेटला, त्याच्या हातात रंगीत कार्ड, अमुक पॅकेज, तमुक पॅकेज, इम्पोर्टेड, प्रीमियम. मी विचारलं बाळ, मला संध्याकाळी पेपर वाचायचा असतो आणि रात्री गाडी चालवत नाही, मला कुठलं भिंग लागेल? तो म्हणाला, "सर प्रीमियम घ्या, बेस्ट आहे." हे उत्तर आहे का? मी उठून आलो. दुसऱ्या डॉक्टरांनी स्वतः विचारलं, दिवसभर काय करता. मग सांगितलं की साध्या भिंगानं लांबचं स्वच्छ दिसेल, वाचायला चष्मा लागेल. मल्टिफोकलनं चष्मा बराचसा सुटेल पण रात्री दिव्यांभोवती कडी दिसू शकतात. निवड तुमची. मी साधं घेतलं. वाचायला चष्मा लावतो, त्यात माझं काही बिघडलेलं नाही.

कळंब्याची_आई
मास्तरकाका, ते रंगीत कार्ड आम्हालाही दाखवलं होतं सासऱ्यांच्या वेळी, अगदी फ्लॅट बुक करायला गेल्यासारखं वाटलं. माझा अनुभव मुलाचा आहे. पहिलीत आहे, एका ठिकाणी मलम दिलं, तीन दिवस घरी दोन्ही डोळ्यांत लावा आणि या. बस्स. त्यानं जवळचं दिसणं बंद झालं, उन्हात जाईना, आणि त्या आठवड्यात शाळेत चाचणी. वहीत सगळं लाईन सोडून लिहिलंय. बाईंनी मलाच बोलावून विचारलं घरी काही टेन्शन आहे का! फोन केला तर रिसेप्शनवाली म्हणते "होतं तसं, दहा-पंधरा दिवस राहतं." अहो ताई हे चिठ्ठी देताना सांगायचं ना, मी सुट्टीत आले असते.

चष्मे_तपासनीस
ते अॅट्रोपिनचं मलम असणार. लहान मुलांच्या डोळ्यातल्या भिंगाची ताकद एवढी असते की ती ढिली केल्याशिवाय खरा नंबर हाती लागत नाही, म्हणून ते लागतंच, विशेषतः तिरळेपणा असेल तर. पण तुमचं शंभर टक्के बरोबर, सुट्टी बघून द्यायला हवं होतं. बऱ्याच मुलांचं एका दिवसात उतरणाऱ्या थेंबांवरही भागतं, ते डॉक्टर ठरवतात. मलम लावल्यावर चेहरा लाल झाला, तोंडाला कोरड पडली, ताप आला तर लावणं थांबवून लगेच फोन करायचा. हे पण चिठ्ठीवर लिहून द्यायला हवं, बऱ्याच ठिकाणी देत नाहीत.
आणि मुलाला चष्मा लागला म्हणून नातेवाईक हळहळतात तिकडं लक्ष देऊ नका. एका डोळ्याचा नंबर जास्त असेल आणि वेळेत चष्मा नाही लागला तर तो डोळा आळशी होतो. सात-आठ वर्षांच्या आत पकडलं तर पट्टी लावून चांगला सुधारतो, पुढं अवघड जातं.

हुपरीकर
आमच्या गावात चांदीचं काम, दिवसभर मान खाली आणि डोळ्यापुढं वितीवर काम. चाळिशीनंतर सगळ्यांचीच बोंब. मी कोल्हापुरात दोन-तीन ठिकाणी चष्मा केला, तक्त्यावरची शेवटची ओळ खटाखट वाचून दाखवायचो, आणि घरी येऊन पैंजणाच्या कड्या जोडायला बसलो की डोकं दुखायचं. परत गेलो की "नंबर बरोबर आहे, सवय होईल." होत नव्हती.
मग एका ठिकाणी मॅडमनी विचारलं काम काय करता, आणि म्हणाल्या पुढच्या खेपेला कामातला नग घेऊन या, जसं घरी धरता तसं धरून दाखवा. टेप लावून अंतर मोजलं! वाचायचा चष्मा पेपरच्या अंतरासाठी असतो आणि तुम्ही त्याच्याहून जवळ धरता म्हणाल्या, कामाला वेगळा चष्मा करून दिला. आता आमच्या गल्लीतले सगळे तिथंच जातात आणि जाताना खिशात पैंजण.

रंकाळा_वॉकर
रिसेप्शनला पैंजण बघून काय वाटत असेल :)

काउंटरमागची
मी वाचत होते गप्प, पण आता लिहितेच. मी एका डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे. थेंबांचं आधी सांगायला पाहिजे, मान्य, आम्ही सांगतो. पण उशीर का होतो ते पण ऐका. डोळ्याचा पेशंट एकदा आत जाऊन संपत नाही. आधी नंबर, मग प्रेशर, मग डॉक्टर बघणार, मग थेंब, मग बाहुली मोठी व्हायला अर्धा-पाऊण तास, मग परत डॉक्टर. म्हणजे एक माणूस दोनदा आत जातो आणि बाहेर बसलेल्यांना वाटतं मागनं आलेला पुढं घुसवला. रोज भांडण. गगनबावड्याकडनं, राधानगरीकडनं माणसं येतात, त्यांची एसटी ठरलेली, त्यांना संध्याकाळी सहाला ये म्हणून कसं सांगू? मध्येच कुणाच्या डोळ्याला लागलेलं येतं, ते थांबवता येत नाही. आणि दुपारी बाराची वेळ दिली तर नऊला येऊन बसतात आणि साडेनऊला विचारतात अजून किती वेळ.
आणि जुन्या फायली कोणी आणत नाही. "मागच्या वेळचे थेंब" म्हणतात, नाव विचारलं तर "पांढऱ्या टोपणाची बाटली". सगळ्याच बाटल्यांना पांढरं टोपण असतंय हो.

पुण्यात_पण_कोल्हापूरचा
काउंटरमागची ताई, तुमच्यासारख्यांमुळंच माझ्या बाबांचा डोळा वाचला, हे मनापासून. बाबा एकटे असतात कोल्हापुरात. एका संध्याकाळी फोनवर सहज म्हणाले, डोळ्यासमोर काळे डास फिरतायत आणि कडेला वीज चमकल्यासारखं होतंय. मी इकडून फोन लावले. पहिल्या ठिकाणी विचारलं "नवीन का जुने पेशंट", नवीन म्हटल्यावर "पुढच्या गुरुवारी साडेपाच". काय होतंय हे विचारलंच नाही.
दुसऱ्या ठिकाणच्या ताईंनी मात्र विचारलं, कधीपासून? अचानक वाढलेत का? एका बाजूनं पडदा ओढल्यासारखं दिसतंय का? मोठा मायनस नंबर आहे का? आणि म्हणाल्या थांबा, डॉक्टरांना विचारते. दोन मिनिटांत "आत्ताच घेऊन या, दवाखाना बंद व्हायची वेळ झाली तरी थांबतो." शेजारच्या काकांनी गाडीवर नेलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याला भोक पडलं होतं, पडदा सुटलेला नव्हता. त्याच्याभोवती लेसर मारून दिला. डॉक्टर म्हणाले गुरुवारपर्यंत थांबला असता तर कदाचित मोठं ऑपरेशन लागलं असतं.
माझं मत विचाराल तर दवाखाना निवडताना फोन कोण उचलतं ते आधी बघा. डिग्र्या सगळ्यांच्याच बोर्डावर असतात.

तिकटीवरचा
बाप रे. डास तर मला पण दिसतात, पांढऱ्या भिंतीकडं बघितलं की.

चष्मे_तपासनीस
वर्षानुवर्षं तेवढेच एक-दोन असतील तर बहुतेक वेळा काळजी नसते, तरी एकदा थेंब घालून पडदा बघून घ्या. अचानक वाढले, विजा दिसल्या किंवा नजरेपुढं पडदा आल्यासारखं झालं तर त्याच दिवशी जायचं, नंबर लावत बसायचं नाही.

काचबिंदूवाला
मला काचबिंदू आहे, गाडीच्या लायसनसाठी फिटनेस करायला गेलो तेव्हा सापडला. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, ६/६ दिसत होतं. पहिल्या डॉक्टरांनी "थेंब घाला, आयुष्यभर" एवढंच सांगून पुढचा पेशंट बोलावला. आयुष्यभर हा शब्द असा फेकतात का? मी घरी येऊन दोन महिन्यांत थेंब बंद केले असते, बायको पाठीमागं लागली म्हणून केले नाहीत. कारण थेंबांनी काही बरं वाटत नाही ना, उलट डोळे लाल होतात. नंतर ज्यांच्याकडं गेलो त्यांनी समजावलं की गेलेली नजर परत येत नाही, थेंब आहे ती राखायला आहेत, आणि सख्ख्या भावंडांना तपासायला पाठवा. धाकट्या बहिणीला निघाला. तिला तर काहीच त्रास नव्हता.

फील्ड टेस्टबद्दल (नजरेचा घेर तपासतात ती) पण लिहितो. अंधाऱ्या खोलीत मशीनमध्ये डोळा लावून बसायचं, ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी घामाघूम व्हायचो, निम्मे ठिपके दिसतच नाहीत, म्हणजे गेलो आपण. शेवटी तिथल्या पोरानं सांगितलं, काका ते मशीन मुद्दाम फिकट फिकट ठिपके दाखवत जातं, तुमची हद्द शोधतंय, चांगल्या डोळ्यालाही बरेच दिसत नाहीत. एवढं वाक्य पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर माझं बीपी वाचलं असतं.

थेंब घालायची रीत पण त्यानंच शिकवली. खालची पापणी ओढून खिशासारखी जागा करायची, एकच थेंब, डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटानं एक-दोन मिनिटं दाबून धरायचा म्हणजे थेंब घशात उतरत नाही. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं. आणि उघडलेली बाटली महिन्यानंतर टाकायची.

शाहूपुरीची_सून
कोपरा दाबायचं मला कोणीच सांगितलं नव्हतं, सासूबाईंना थेंब घातले की त्या "कडू लागतंय" म्हणायच्या आणि आम्ही हसायचो.
बरं, एक तक्रार राहिली. एका ठिकाणी डोळे तपासले, नंबर निघाला, आणि चिठ्ठी मागितली तर म्हणे खालच्या आमच्याच दुकानातून चष्मा घ्या, नंबर आमच्या सिस्टीमला आहे. फी आम्ही भरली ना?

फौंड्रीवाला
सरळ मागायची. मेडिकल कौन्सिलचा २००२ चा नियम आहे, पेशंटनं आपले कागद मागितले तर ७२ तासांत द्यायचे. मी एकदा शांतपणे हे वाक्य म्हटलं आणि पाच मिनिटांत प्रिंट मिळाली. चिठ्ठीवर दोन बाहुल्यांमधलं अंतर पण लिहून घ्या, पीडी म्हणतात.

चष्मे_तपासनीस
पीडी दुकानदार पण मोजतो, पण लिहिलेली असली तर बरंच. बाकी फौंड्रीवाले, असं शांतपणे सांगणारे पेशंट आम्हाला आवडतात, टेबल वाजवणारे नाही.

आजरेकर
सगळे खाजगीचं लिहितायत म्हणून सीपीआरचं, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्याचं लिहितो. माझ्या आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तिथं झालं, भिंगासकट मोफत. गर्दी आहे, रांग आहे, आधी रक्त-लघवी, बीपी-शुगर तपासायला इकडून तिकडं फिरावं लागतं, सोबत पायानं तरुण माणूस पाहिजे. पण जी शिकाऊ डॉक्टर मुलगी होती तिनं आत्याला "आज्जी" म्हणून प्रत्येक गोष्ट सांगून केली, आता गार लागंल, आता दिवा दिसंल, आता थोडं दाबल्यागत होईल. आत्या अजून त्या पोरीचं नाव काढते. दुसऱ्या डोळ्याला पण तिथंच जायचं म्हणते.

निवांत_मास्तर
आजरेकर, हे छान. शाहूपुरीच्या सूनबाई, तुमच्या सासूबाईंचं ऑपरेशन ठरलं का? नसेल तर फार पुढं ढकलू नका, फार पिकलेला मोतीबिंदू काढायला अवघड जातो आणि प्रेशरही वाढू शकतं. घरात कुणी पुरुषमाणूस असाच रांगेत असेल तर एक सांगून ठेवतो, लघवीच्या त्रासासाठी टॅमसुलोसिन नावाची गोळी चालू असेल तर सर्जनला आधी सांगा. तिच्यामुळं ऑपरेशनच्या वेळी बाहुली नीट मोठी होत नाही. स्वतःच्या मनानं गोळी बंद मात्र करू नका. मला हे विचारलं गेलं नव्हतं, मीच यादी पुढं केली तेव्हा डॉक्टर "बरं झालं सांगितलंत" म्हणाले.

शाहूपुरीची_सून
ठरलं मास्तरकाका, पुढच्या आठवड्यात उजवा डोळा. जिथं फोनवर थेंबांचं सांगितलं होतं तिथंच करतोय. सासूबाईंची एकच चिंता आहे, शुक्रवारी अंबाबाईला जाऊन येता येईल का.

काचबिंदूवाला
डॉक्टरांना विचारून जा, पण गर्दीत कुणाचा धक्का लागायला नको आणि डोळ्याला पाणी लागायला नको. आमच्या शेजारच्या काकूंना डोक्यावरून अंघोळ बंद होती बरेच दिवस. आणि काही महिन्यांनी परत धूसर दिसायला लागलं तर "मोतीबिंदू परत आला" म्हणून घाबरू नका, भिंगाच्या मागची पिशवी ढगाळते, लेसरनं बसल्या बसल्या साफ होतं. काकूंचं तसंच झालं.

वडणग्याचा_पप्या
धागा आत्ताच वाचला. पोरगं खेळताना बॉल लागलाय डोळ्याला, आज रविवार, सगळे बंद दिसतायत. सूज आहे, उद्या दाखवलं तर चालेल का?

काउंटरमागची
नाही, उद्यापर्यंत थांबू नका. सीपीआरची कॅज्युअल्टी चोवीस तास चालू असते, आत्ता निघा. डोळा चोळू देऊ नका, दाबून पट्टी बांधू नका, घरातला कुठलाच थेंब घालू नका. जाताना पोराला काही खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यायची वेळ आली तर अडचण होते. किती वाजता लागला आणि शेवटचं काय खाल्लं ते लिहून न्या.

वडणग्याचा_पप्या
निघालो ताई.